शिस्त

मानखुर्दच्या ज्या शाळेत मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, तिथे आठवीच्या मुलांना मी एक सवय लावली आहे. मराठीच्या पाठातले दहा शब्द निवडायचे आणि घरून त्यांचे उर्दू प्रतिशब्द लिहून आणायचे. एकदा त्या दहांत ‘शिस्त’ होता. बहुतेकांनी ‘नज़्म-ओ-ज़ब्त’ लिहून आणलं. दोघांनी ‘डिसिप्लिन’ हाच शब्द उर्दू लिपीत लिहून वेळ मारून नेली. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, ‘निशाना’. मी लाल रेघ मारली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, लुगत में यही है.”

दुसऱ्या दिवशी तो आपल्या दादांची लुगत पिशवीतून घेऊन आला. पानं पिवळी, पुठ्ठा गेलेला. शीन, सीन, ते. शिस्त, मूळ फारसी शस्त: अंगठा, तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडी, मासे धरायचा गळ, निशाणा. ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणे. मला माझीच लाल रेघ खोडावी लागली. बी.एड.ला ‘वर्गातील शिस्त’ यावर हमखास प्रश्न यायचा, पानंच्या पानं लिहिली होती. हा शब्द तिरंदाजाच्या अंगठ्यावरून आपल्या वर्गात आला, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग जुने मराठी शब्दकोश काढून बसलो. तिथेही शिस्तीच्या अर्थांत व्यवस्थेबरोबर बंदुकीचा नेम आहेच. आणि गंमत म्हणजे खुद्द ‘नेम’ हा शब्दही तसाच. तो संस्कृत ‘नियम’चा झिजलेला अवतार. नेमाने नमाज पढणारा, नेमाने वारी करणारा, आणि नेम धरून गोळी मारणारा, तिघांसाठी मराठीला एकच शब्द पुरतो. म्हणजे मराठीत नियम आणि निशाणा यांची गाठ दोनदा पडली आहे, एकदा संस्कृतच्या वाटेने आणि एकदा फारसीच्या.

ही गाठ कुठे पडली असेल याचा विचार करताना मला आजोळच्या शेतातली एक सकाळ आठवली. बंदूक नेमाला कशी आणतात, लांबवर मारायची असेल तर काय करावं लागतं, हे मी तिथे पाहिलं होतं. त्यावर लिहायचं ठरवलं आणि दोन मित्रांना सांगितलं. दोघांचंही म्हणणं एकच पडलं, “मानखुर्दचा मुसलमान मास्तर, आणि बंदुकीवर लेख? दुसरा विषय नाही मिळाला?” एकाने निदान मथळ्यात तरी बंदूक येऊ देऊ नकोस म्हणून सांगितलं. तेवढं मी ऐकलं आहे.

माझं आजोळ दापोली तालुक्यात. नाना उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याकडे शेतराखणीच्या परवान्यावर एक एकनळी बारा बोरची बंदूक होती. शेजारच्या वाडीत पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे, त्यांच्याकडे ०.३१५ बोरची रायफल, सरकारी कारखान्यात बनलेली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, म्हणजे १९८८-८९ चा सुमार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली होती. भातात डुकरं उतरली की हवेत बार काढून त्यांना पळवायचं, एवढंच बंदुकीला काम उरलं होतं. निवडणूक आली की दोन्ही बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या आणि निकालानंतर पावती दाखवून परत यायच्या. तरीही वर्षातून एकदा, भात कापून खाचरं मोकळी झाली की, दोघं म्हातारे बंदुका तपासायला बसायचेच.

जागा ठरलेली होती. पलीकडे मातीचा उंच बांध, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाईल. पेंढा भरलेलं पोतं बांधासमोर उभं करायचं. त्यावर रद्दीतलं वर्तमानपत्र आणि मधोमध काजळाचा रुपयाएवढा ठिपका. तिथून मागे शंभर पावलं मोजत यायचं. नाना मोजायचे मोठ्याने, आणि उर्दूत. सुभेदारकाका त्यांच्यामागून मनात मोजत यायचे, आणि दोघांचा आकडा जुळला नाही तर पुन्हा पोत्यापासून सुरुवात.

मग गोणपाटाच्या पिशव्यांत वाळू भरून त्यांचा टेका. “नळी टेक्यावर ठेवायची नाही, मास्तर,” सुभेदारकाका दरवर्षी सांगत, “दस्त्याखाली टेका द्यायचा. नळी टेकली तर बार निघताना उडी मारते.” नानांना हे पाठ होतं, पण ते दरवर्षी नव्याने ऐकल्यासारखं ऐकून घेत. नळीला पावसाळ्यात लावलेलं तेल फडक्याने पुसून काढायचं, कारण तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी भलतीकडे जाते. मग तीन गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर नळी निवेपर्यंत थांबायचं. त्या वेळात चहा व्हायचा.

मला वाटायचं, पहिली गोळी ठिपक्याला लागली की झालं. सुभेदारकाका हसायचे. एका गोळीवर ते विश्वासच ठेवत नसत. तीन भोकं तळहाताएवढ्या जागेत पडली तर बंदूक ठीक, मग ती ठिपक्यापासून वीतभर लांब का असेनात. तीन भोकं तीन दिशांना विखुरली तर माशीला हात लावायचा नाही, आधी नेमणाऱ्याचा श्वास, खांदा आणि बोट पाहायचं. म्हणजे चूक कुठे आहे यापेक्षा चूक दर वेळी तीच होते का, हा प्रश्न आधी. मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना मला हे हमखास आठवतं. एकच चूक दहादा करणारा मूल एका दुपारी सुधारतो. दहा वेगळ्या चुका करणाऱ्याला वर्ष लागतं.

एकदा भोकं एकत्र पडली की त्यांचा मध्य काढायचा आणि मग दुरुस्ती. नळीच्या टोकाशी असते ती माशी, आपल्या डोळ्याशी असते ती खाच. उर्दूत या खाचेला किंवा भोकाला दीदबान म्हणतात, पाहणारा, पहारेकरी. सुभेदारकाकांची माशी आडव्या खाचेत बसवलेली होती. पितळी सळई लावून छोट्या हातोडीने ती ठोकायची, इतकी हलकी की आवाजही येऊ नये. पण ठोकायची कुठल्या बाजूला? मी म्हणालो, गोळी उजवीकडे पडते तर माशी डावीकडे सारा. सगळे हसले. माशी उलटी चालते. गोळी उजवीकडे पडत असेल तर माशीही उजवीकडेच सारायची. मग नेम धरताना नळी आपोआप डावीकडे वळते. मागची खाच मात्र सरळ वागते, गोळी जिकडे न्यायची तिकडेच तिला न्यायचं. हे मला कळायला दोन सुट्ट्या लागल्या.

आज हेच मी आठवीला फळ्यावर गणित करून दाखवतो. माशी आणि खाच यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. माशी १ मिलिमीटर चुकली, तर १०० मीटरवर गोळी किती चुकेल? त्रैराशिक आहे, उत्तर साधारण १७ सेंटिमीटर. ३०० मीटरवर अर्धा मीटर. अर्ध्या मीटरमध्ये प्राणी छातीऐवजी पोटात किंवा पायात लागतो. एका मिलिमीटरचं हे काम.

लांबचा नेम याहून अवघड, कारण गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडू लागते, हातातून सुटलेल्या खडूसारखीच. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. डोळ्याची रेघ सरळ आणि गोळीची वाट कमानदार. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर उचलेली ठेवावी लागते. गोळी खालून येऊन नजरेची रेघ एकदा जवळच ओलांडते, वरून जाते आणि पुढे कुठेतरी दुसऱ्यांदा ओलांडून खाली उतरते. ती दुसरी ओलांडणी कुठे हवी, १०० पावलांवर की २०० वर, हे आधी ठरवायचं आणि बंदूक त्या अंतराला मिळवायची. पलटणीत याला झिरो करणं म्हणतात. सुभेदारकाका १०० पावलांना मिळवून झाल्यावर खाचर ओलांडून २०० वर जायचे आणि एक गोळी झाडून ती किती खाली पडते ते बोटांनी मोजून वहीत लिहायचे. नानांच्या बारा बोरला हे सगळं लागू नव्हतं. तिचे छर्रे ४० पावलांपलीकडे बेभरवशाचे. नाना पोत्यावर एक बार टाकून छर्रे किती पसरतात तेवढं पाहायचे.

सहा-सात काडतुसं या तपासणीत जायची. काडतूस महाग, परवान्यावर मोजून मिळणारं, आणि शिकार तर नाहीच. मग कशाला, असं मी एकदा नानीला विचारलं. तिने सांगितलं ते नानांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. तरुणपणी, कायदा यायच्या आधी, नाना एका रात्री उसन्या बंदुकीने भेकर मारायला गेले. बंदूक तपासलेली नव्हती. गोळी लागली, पण मागच्या पायात. आमच्यात गोळीने मेलेलं जनावर हलाल की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, म्हणून सुरी घेऊन धावायचं आणि जीव असताना जबह करायचं, ही रीत. नाना सुरी घेऊन रात्रभर रक्ताच्या थेंबांमागे फिरले. भेकर सापडलं नाही. ते खाण्याच्या उपयोगाचं राहिलं नाही याचं त्यांना काही वाटलं नाही. ते जिवंत होतं, याचं वाटलं. नानी म्हणाली, दोन दिवस जेवले नाहीत.

नानांच्या त्या तपासणीचा पूर्वज मला बऱ्याच वर्षांनी ‘आईन-ए-अकबरी’त भेटला. अबुल फजलने बंदुकांवर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. लोखंडाचा पत्रा नुसता वळवून कडा जोडण्याऐवजी कागदाच्या गुंडाळीसारखा तिरपा गुंडाळून नळी कशी मजबूत केली, ते त्यात आहे. पण मला थांबवलं ते पुढच्या तपशिलाने. नळी तयार झाली की दस्ता बसवण्याआधीच ती झाडून पाहत. गोळी भलतीकडे गेली तर नळी तापवायची, आत लाकडी दांडा घालून सरळ करायची आणि मगच कानस लावणाऱ्याच्या हाती द्यायची. नळीवर लोखंड कुठलं, कारागीर कोण, कुठे बनवली, तारीख कोणती, क्रमांक किती, हे कोरलं जाई. तेव्हाच्या आपल्याकडच्या तोडेदार बंदुकांना माशी आणि खाच असायची, पण ती सरकवता येत नसे. म्हणून माशीऐवजी अख्खी नळीच सरळ करायची. आणि त्यानंतरही जी खोड उरेल ती झाडणाऱ्याने ओळखून घ्यायची.

अकबराच्या सगळ्यांत लाडक्या बंदुकीचं नाव होतं ‘संग्राम’. तिने मारलेल्या जनावरांचा हिशेब ठेवला जाई आणि तो आकडा हजारावर गेला होता. मोगल बादशहाच्या बंदुकीला संस्कृत नाव आणि मराठी शाळेतल्या शिस्तीला फारसी, हे वर्गात सांगितलं की मुलं खूश होतात. त्याच संग्रामने १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात अकबराने तटावरच्या एका माणसावर गोळी झाडली. तो किल्ल्याचा सेनानी जयमल होता, हे नंतर कळलं. ‘अकबरनाम्या’त अबुल फजल लिहितो की गोळी सुटताच बादशहाने जवळ उभ्या असलेल्या भगवंतदास आणि शुजाअत खानाला सांगितलं, शिकारीला गोळी लागल्यावर हात जसा हलका वाटतो तसा वाटला, माणसाला लागली असणार. नेमबाजीचे प्रशिक्षक आजही शिकवतात की चाप ओढला त्या क्षणी गोळी कुठे गेली असेल ते फलक पाहण्याआधी स्वतःशी सांगा. ते आणि हे एकच. पण चितोड पडल्यावर तिथे हजारोंची कत्तल झाली, हेही त्याच इतिहासात आहे. पाठ्यपुस्तकात अकबराचं कौतुक वाचून फुगणाऱ्या माझ्या मुलांना मी ते सांगतो. नेम अचूक असणं आणि निशाणा योग्य असणं या दोन गोष्टी आहेत.

जहांगीराने पुढे स्वतःच्या हाताने जीव न घेण्याची शपथ घेतली. १६१९ मध्ये मथुरेजवळ वाघाचा उपद्रव झाल्याची तक्रार आली तेव्हा त्याने नूरजहानला गोळी झाडायला सांगितली. हत्तीवरच्या अंबारीतून तिने एका गोळीत वाघ पाडला. जहांगीराने आपल्या आठवणींत यावर जी टीप केली आहे ती जाणकाराची आहे: वाघाच्या वासाने हत्ती स्वस्थ उभा राहत नाही, सारखा हलतो, आणि अशा वेळी अंबारीतून नेम साधणं फार कठीण, मिर्झा रुस्तमसारख्या पट्टीच्या नेमबाजाच्याही अशा तीन-चार गोळ्या वाया गेल्या आहेत. म्हणजे बायकोचं कौतुक करताना त्याने टेक्याचं महत्त्व सांगून ठेवलं. सुभेदारकाकांना हे ऐकवायला हवं होतं.

आमच्या कोकणात याच शतकात हेटकरी होते. घाटावरचे मावळे तलवारीचे आणि खालच्या कोकणातले हेटकरी बंदुकीचे, अशी शिवाजी महाराजांच्या पायदळाची वाटणी ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवली आहे. गड राखायचा म्हणजे तटाच्या जंगीतून खाली येणाऱ्यावर नेम धरायचा. जागा ठरलेली, अंतर ठरलेलं, बंदूक रोजच्या हातातली. माशी न सरकवता नेम साधायला याहून चांगली शाळा नसेल. नाना स्वतःला गमतीने हेटकरी म्हणवायचे. आमचं गाव खरं म्हणजे त्याच्या जरा वरच पडतं.

खरा लांबचा पल्ला आला तो एकोणिसाव्या शतकात, नळीत पेचदार आटे पाडायला लागल्यावर. आट्यांतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि वाट सोडत नाही. आणि या गोष्टीचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबई इलाख्यातच झाला, जरी तो आज पाकिस्तानात असला तरी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तिथे मुंबई तोफखान्यातला जॉन जेकब नावाचा अधिकारी, ज्याच्या नावाने जेकबाबाद वसलं, वाळवंटात वर्षानुवर्षं रायफलींचे प्रयोग करत होता. सपाट मैदान, दूर उभारलेलं लक्ष्य आणि २००० यार्डांपर्यंत मोजलेली अंतरं. त्याने स्वतः आखलेल्या दुनळी रायफलीला चार आटे होते आणि मागच्या बाजूला उभी राहणारी लांब पट्टी. त्या पट्टीवर २००० यार्डांपर्यंतच्या खुणा. पट्टीवरची खाच जितकी वर सरकवाल तितकी नळी वर उचलली जाते आणि गोळी तितकी लांब जाऊन पडते. २००० यार्ड म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्तच. मानखुर्द स्टेशनवर उभं राहून गोवंडीच्या दिशेने तेवढं अंतर डोळ्यांसमोर आणा, मग त्या माणसाच्या हट्टाची कल्पना येईल.

जेकब १८५८ मध्ये वारला. त्याच्या आदल्या वर्षी काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. १८५७ म्हटलं की आपल्याला एन्फिल्ड रायफलीचं चरबी लावलेलं काडतूस आठवतं, गाय आणि डुक्कर आठवतं. पण त्या रायफलीला मागे एक शिडीसारखी पट्टी होती, ९०० यार्डांपर्यंतच्या खुणांची. शिपायाच्या हातात पहिल्यांदाच अशी वस्तू येणार होती जी तो स्वतः अंतर पाहून लावू शकेल. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी त्याच एन्फिल्डचा नवा नमुना काढला. बाहेरून तीच बंदूक. आतले आटे काढून नळी गुळगुळीत केलेली, आणि मागची सरकणारी पट्टी काढून तिच्या जागी एक पक्का ठोकळा बसवलेला. गोऱ्या शिपायाकडे आटे आणि खुणा, काळ्या शिपायाकडे गुळगुळीत नळी आणि ठोकळा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. बंदूक काढून घेतली असती तर समजण्यासारखं होतं. त्यांनी बंदूक दिली, गणवेश दिला, कवायत दिली. काढून घेतली ती नेम दुरुस्त करायची सोय. शिस्त शब्दाचा एक अर्थ ठेवला आणि दुसरा काढून टाकला, असं भाषेच्या मास्तराला वाटणारच. मराठीतून हा अर्थ त्या ठोकळ्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण आज शाळेत ‘शिस्त’ म्हणजे रांगेत उभं राहणं, तोंड बंद ठेवणं, आणि माझ्या लहानपणी तर सरळ छडी. १८७८ चा हत्यारबंदीचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हाच गुन्हा झाला. तो १९५९ च्या कायद्याने बदलला, परवाना राहिला. परवाना असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या वस्तीत मी शिकवतो तिथे बंदूक सहज मिळू नये, असं मला बापाच्या आणि मास्तरच्या दोन्ही नात्यांनी वाटतं.

गोऱ्या साहेबांची शिकार याच काळात फोफावली. त्यांच्या रायफलींना १००, २००, ३०० यार्डांसाठी उघड-मीट होणाऱ्या वेगवेगळ्या पात्या असायच्या. मध्य प्रांतात निमाडला काम केलेल्या कॅप्टन जेम्स फॉरसिथने १८६३ साली शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा मला शहाणपणाचा वाटतो. दाट रानात अंतराचा अंदाज हमखास चुकतो, पाती बदलायला वेळ नसतो, म्हणून गोळीची कमान जितकी सपाट तितकं बरं. पण सपाट कमानीसाठी दारू जास्त भरावी लागते आणि धक्का खांद्याला सोसावा लागतो. या मंडळींनी खानदेशापासून निमाडापर्यंतची रानं कशी रिकामी केली, तो वेगळा आणि कडू विषय आहे.

आता पुन्हा माझ्या वर्गात येतो. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ४५१.४ गुण. राज्याने गुलाल उधळला. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, म्हणजे आमच्या हार्बर लाइनचाच माणूस, असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलं. त्याच्या आधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं, तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे कडी, आणि ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. आणि स्पर्धा सुरू होण्याआधी प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात ज्यांतल्या गोळ्या मोजल्या जात नाहीत. त्या फक्त रायफल मिळवून घेण्यासाठी. वारा पाहा, उजेड पाहा, मारा, चुका, मागच्या छिद्राची फिरकी एक-दोन टिचक्या फिरवा, पुन्हा मारा.

हे सांगताना वर्ग गप्प होता. मग लुगतवाला मुलगा म्हणाला, “सर, ग़लती के नंबर नहीं कटते?” नाही कटत, म्हटलं, त्या वेळात नाही.

त्याला शिकायचं आहे. १० मीटरच्या एअर रायफलची शिकवणी मुंबईत काही ठिकाणी चालते. ठरावीक मर्यादेतल्या ०.१७७ च्या एअर रायफलला परवानाही लागत नाही. त्याचे वडील जरीकाम करतात. सुईच्या टोकावर दिवसभर नजर ठेवणारा माणूस. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तरसाहब, आप अच्छी नीयत से कह रहे हैं. मगर कल को बस्ती में कुछ हुआ, तो पहले किसका दरवाजा बजेगा? किसका लड़का बंदूक चलाता है, यही पूछेंगे न?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे दोन मित्रही हेच म्हणत होते, फक्त शिकलेल्या भाषेत.

मी कागदाची पट्टी काढली. एका टोकाला टाचणी, दुसऱ्या टोकाला दुमडलेल्या कागदाची खाच, आणि समोरच्या भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका. मुलाने टाचणी केसभर सरकवली आणि बापाला म्हणाला, अब्बा, आता बघा, ठिपका कुठे गेला. त्यांनी चष्मा वर केला, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ पाहत राहिले. जरीच्या माणसाला केसभर म्हणजे किती ते सांगावं लागत नाही. मग त्यांनी स्वतः टाचणी मागे सारली, पुन्हा पाहिलं, आणि मला विचारलं, महिन्याची फी किती पडेल.

ते हो म्हणालेले नाहीत. बकरी ईदनंतर बोलू, एवढंच म्हणाले आहेत. मुलाने ती कागदाची पट्टी लुगतमध्ये शीनच्या पानावर ठेवून दिली आहे.